बुधवारचं दळण

एकदा काय झालं, एक अख्खं गाव उठलं आणि चालायला लागलं.

हसू नका. गाव म्हणजे माणसं रे. घरं कुठं चालतात? घरं बसली होती तिथंच, वाळूत गळ्यापर्यंत बुडून.

त्याचं असं झालं. त्या गावाला तांबणी नावाची नदी होती. अगदी दाराशी. एका पावसाळ्यात त्या नदीनं कूस पालटली. बाब्या झोपेत पालटतो ना, तशीच, कुणाला न विचारता. सकाळी बघतात तर नदी दोन डोंगरांपलीकडं वाहतेय. मग विहिरी आटल्या. मग शेतं वाळली. मग वारा सुटला आणि नदीची सगळी वाळू उचलून घरांवर टाकायला लागला. आज उंबरठ्यापर्यंत, उद्या कोनाड्यापर्यंत. शिवरात्रीला तर लोक छपरातून घरात उतरत होते. मग सगळे म्हणाले, आता चला.

गाव तसं केवढं? सात घरांची वाडी. दोन गाड्या, एक म्हैस. दर घरात एक जातं होतं, पण सात जाती कोण ओढणार? एकच घेतलं. ठरलं असं, की जिथं जाऊ तिथं पाळी लावायची. सोमवारी एका घरानं दळायचं, मंगळवारी दुसऱ्यानं. घरं सात आणि वारही सात. बुधवार आला हौसाच्या वाट्याला. ही गोष्ट हौसाचीच आहे, बरं का. तिशीची बाई, अंगानं काटक आणि नाकावर राग. घरात नवरा आणि सासू. सासूच्या तोंडात एकही दात नव्हता, पण गळा असा गोड की पहाटे तिनं ओवी म्हटली की म्हैस रवंथ थांबवायची.

मग ते चालले. पहिल्या गावानं वेशीचं दार लावून घेतलं. दुसऱ्या गावानं पाणी दिलं, गूळ दिला आणि म्हटलं, आता पुढं व्हा. नवव्या दिवशी ते डोंगरपेठेला पोचले. डोंगरपेठेत कारभार होता पाटलीणबाईंचा. पाटील केव्हाच वारले होते, आणि बाई अशी की तिनं नुसतं खाकरलं तरी भांडणं मिटायची.

पाटलीणबाईंनी सगळ्यांकडं पाहिलं. म्हैससुद्धा न्याहाळली. मग गावाबाहेरचा खडकाळ माळ दाखवला.

"तिथं खोपटी घाला. आमच्या शेतात जोंधळा काढायला या, मजुरीला जोंधळाच मिळेल. पण आत्ता तुम्ही पाहुणे. चैत्री पुनवेला आमच्या भैरोबाची जत्रा असते. त्या पहाटे घराघरातली बाई देवळापुढं ओवी म्हणत दळते आणि मूठभर पीठ परातीत टाकते. त्या पिठाचा एकच मोठा रोट भाजतो आम्ही. ज्याचं पीठ रोटात, तो गावात. ज्याचं नाही, त्यानं दुसऱ्या दिवशी वाट धरायची."

आता मूठभर पीठ म्हणजे काय मोठी गोष्ट? हौसा मनात म्हणाली, मूठ काय, पायली देते.

मग काय झालं? ऐका.

पहिला बुधवार आला. हौसा आणि सासू पहाटे जात्यावर बसल्या. घास टाकला, खुंटा धरला, सासूनं ओवी सुरू केली. त्यांच्या वाडीत पहिली ओवी नदीची असायची. आईच्या आईपासूनची रीत.

पहिली माझी ओवी गं, तांबणी माय तुला,
पहिलं पीठ तुला, मग घराला.

दळलं, दळलं, सूप रिकामं झालं. उजाडल्यावर बघतात तर जात्याभोवती पिठाचा कण नाही! वरून घातलेले दाणे गेले, खाली पीठ नाही. गेलं कुठं? हौसानं जात्याची वरची तळी उचलून पाहिली. आत काही नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेवंताला विचारलं, तिचा गुरुवार. तिचंही तसंच झालं. शुक्रवारवालीचंही तसंच. सातही घरांत पीठ नाही.

मग म्हणाले, जातं प्रवासात बिघडलं. दुसऱ्या बुधवारच्या आधी टाकी लावणाऱ्याला बोलावलं. त्यानं ठोकठोक करून दगडाला नवी धार आणली. दळलं. पीठ नाही.

मग तिसऱ्या बुधवारी पाटलीणबाईंनी आपलं घरचं जातं दिलं. "आमच्यावर दळा," म्हणाल्या. दळलं. पीठ नाही! त्याच जात्यावर पाटलीणबाई स्वतः बसल्या, तर पीठ भुरूभुरू पडायला लागलं. मग डोंगरपेठेच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. त्या बघण्यात काय होतं ते हौसाला कळलं. यांच्या हातालाच काहीतरी आहे, असं होतं ते.

गुणे, मला ठाऊक आहे तू काय विचारणार. उखळात का नाही कांडलं? कांडलं की! भरडा निघाला, त्याच्या कण्या खाल्ल्या. घुगऱ्या खाल्ल्या. पण भैरोबाला कांडलेलं चालत नव्हतं, आणि बोळक्या सासूला घुगरी चालत नव्हती. म्हातारी रोज थोडीथोडी सुकत चालली. हौसाला म्हणायची, "मला काही नको गं, नुसती एक भाकरी दे." कुणाकडून मागून आणावी तर तेही हौसाला जमेना. ज्यांनी तसं बघितलं, त्यांच्या दारात कुठल्या तोंडानं उभं राहायचं? हौसा रागावून बाहेर जायची आणि बाहेर जाऊन रडायची.

मग चौथा बुधवार. सासू अंथरुणातून उठलीच नाही, आणि रडून रडून हौसाचा घसा बसलेला. चूं निघेना तोंडातून. ती एकटीच मुकाट दळायला बसली. आणि काय सांगू, पीठ पडलं! पांढरंशुभ्र, ऊन ऊन पीठ. हौसानं तिथंच चूल पेटवली. दोन भाकरी केल्या. एक दुधात कुस्करून सासूला भरवली. दुसरी स्वतःसाठी फडक्यात बांधून कमरेला खोचली, आणि आनंदानं खायचीच विसरली.

मग गुरुवारी पहाटे ती धावत शेवंताकडं गेली. घसा थोडा मोकळा झाला होता. "मुक्यानं दळ! तोंड उघडू नकोस!" शेवंतानं मान हलवली. पण खुंटा हातात आला आणि बाई गप्प राहिली, असं कधी झालंय? तिसऱ्या फेऱ्याला तिच्या नकळत ओठांतून निघालंच, पहिली माझी ओवी गं, तांबणी माय तुला...

आणि हौसानं डोळ्यांनी पाहिलं.

जात्याभोवतीचं पीठ हललं. वारा नव्हता, काही नव्हतं. ते आपणहून उठलं, खोपटाच्या दारातून बाहेर पडलं, आणि आभाळात चढलं. नुकतं तांबडं फुटत होतं. पिठाची एक लांब पांढरी रेघ डोंगरावरून पूर्वेकडं निघाली. शेवंतानं बसल्या जागी हात जोडले.

हौसानं मात्र हात जोडले नाहीत. तिनं काठी उचलली.

"माझी सासू उपाशी मरतेय आणि आमचं पीठ कोण खातंय? बघतेच त्या चोराला. मी येईपर्यंत सगळ्याजणी मुक्यानं दळा, दाणाभर पीठ जाता कामा नये." एवढं बोलली आणि निघाली.

जत्रा आठवड्यावर आलेली. पण हौसा ती हौसा.

रेघ पुढं आणि ही मागं. रेघ विरून गेली तरी खूण राहिली होती. बाभळीच्या पानांवर पीठ, खडकांवर पीठ, मेंढ्यांच्या पाठीवरसुद्धा पीठ. एक दिवस चालली. दोन दिवस चालली. गाड्यांना वळसे घेत नऊ दिवस लागले होते, ही पिठासारखी सरळ डोंगरावरून निघाली. तिसऱ्या दिवशी एक डोंगर चढून वर आली आणि थबकलीच. खाली तिचंच गाव होतं.

सगळीकडं वाळू. छपरांचे नुसते कणे वर आलेले. इतकं शांत, की स्वतःचा श्वास मोठा वाटावा. आणि त्या वाळूत, नदी जिथं वाहायची तिथं, एक झिरा होता, ओंजळभर पाण्याचा. झिऱ्याशेजारी एक स्वच्छ धुतलेला दगड, त्याच्यावर पिठाचा पांढरा डाग. आणि दगडाशेजारी बसली होती ठकूआत्या.

अरे देवा! ठकूआत्या कोण ते सांगायचं राहिलंच की. बघा, मीसुद्धा विसरले. त्या वाडीतले सगळे तिला असेच विसरले होते.

ठकूआत्या म्हणजे वाडीची सुईण. वाडीतलं प्रत्येक मूल तिच्याच हातांत पहिल्यांदा रडलेलं. तिला ना नवरा, ना लेकरू, ना शेत. ती वार लावून जेवायची. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. बुधवारी हौसाकडं. सगळ्यांची होती ती. आणि तिथंच घात झाला, बाळांनो. गाव निघालं तेव्हा सोमवारवाल्यांना वाटलं ती मंगळवारवाल्यांबरोबर आहे. मंगळवारवाल्यांना वाटलं हौसाकडं असेल. हौसाला वाटलं शेवंताकडं. वाटेत एक गाडी पुढं, एक मागं, प्रत्येकाला वाटायचं आत्या दुसऱ्या गाडीत आहे. आत्या गेली होती नदीच्या रिकाम्या पात्राला शेवटचं कुंकू वाहायला. परत आली तर गाव नाही.

आणि नंतर? नवव्या दिवशी माळावर पोचल्यावर तरी कळायला नको? पण पीठच नव्हतं ना कुणाकडं. ज्याचा वार असेल ते घर मान खाली घालून बसायचं आणि मनात म्हणायचं, बरं झालं आज आत्या आली नाही, पानात काय वाढलं असतं? उद्याच्या घरी जेवेल ती. लाजेनं कुणी कुणाला विचारलंच नाही.

हौसाच्या हातातली काठी गळून पडली.

आत्यानं वर पाहिलं. डोळे रडून सुजलेले. "हौसे," ती म्हणाली, "तू जिवंत आहेस?"

"म्हणजे गं काय आत्या?"

"आधी नऊ दिवस बुडालेल्या घरांतले उरलेसुरले दाणे खाल्ले, मग रोज पीठ यायला लागलं. तांबणी माय आणून द्यायची, या दगडावर. सोमवारचं भरड, तुझं बुधवारचं बारीक, शेवंताचं नेहमी थोडं दाताखाली कचकचणारं. चव घेतली की मला कळायचं, सगळी सुखरूप आहेत. कुठंतरी पोचली आहेत. मग या बुधवारी पीठ आलं नाही. म्हटलं, हौसा गेली. गुरुवारी आलं, जिवात जीव आला. तर शुक्रवारी नाही. आज शनिवार, आजही नाही. म्हटलं, संपली गं माझी वाडी. दोन दिवस तुमच्या नावानं रडतेय."

दोन दिवस पोटात अन्न नव्हतं म्हातारीच्या, आणि रडत कुणासाठी होती? ऐकलंत ना? हौसाला तर जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. मुक्यानं दळा, हे सांगून कोण आलं होतं? तीच. चोराला उपाशी मारायला निघालेली, आणि उपाशी कुणाला मारलं?

तिनं कमरेची भाकरी सोडली. चार दिवसांची, वाळून कडक झालेली. झिऱ्यात भिजवली आणि आत्याच्या तोंडात घातली. आत्यानं डोळे मिटून चावली.

"हं," ती म्हणाली. "बुधवार."

मग हौसा मोठ्यानं रडली. आणि त्या झिऱ्याचं पाणी ओंजळभर होतं ना, ते हळूच वर चढलं आणि हौसाच्या पायांना लागलं. तांबणी डोंगरापलीकडं गेली होती खरी, पण एक बोट मागं ठेवून गेली होती.

आत्या म्हणाली, "तू जा. पहिली ओवी आता तिकडच्या देवाची म्हणा. तुमचं पीठ तुम्हाला मिळेल, गाव मिळेल. माझं काय, पिकलं पान."

"गप्प बस," हौसा म्हणाली आणि आत्याला पाठीवर घेतलं.

चार दिवस लागले परतायला. पहिल्या दिवशी पाठुंगळीला घेतलं. दुसऱ्या दिवशी एका मेंढपाळानं घोड्यावर बसवलं. मग डोंगर लागला, तिथं पुन्हा पाठुंगळी. महिनाभर नदीच्या हातचं खाऊन म्हातारी चांगली जड झाली होती, आणि वर पाठीवर बसून हौसाला चालण्यातल्या चुका सांगत होती.

आणि पुनवेची पहाट उजाडायला त्या डोंगरपेठेच्या वेशीत आल्या.

भैरोबाच्या देवळापुढं सगळं गाव जमलेलं. मध्ये मोठी परात. डोंगरपेठेच्या बायकांचं दळण झालं होतं. आता माळावरच्यांची पाळी. जात्यावर शेवंता बसलेली, बाजूला हौसाची सासू. सहाही घरच्या बायकांनी ठरवून ठेवलं होतं, नदीचं नाव घ्यायचं नाही. भैरोबाची ओवी पाठ करून आल्या होत्या बिचाऱ्या. तेवढ्यात हौसा गर्दीतून पुढं आली आणि तिनं आत्याला खाली उतरवलं.

सहा घरांनी आत्याला पाहिलं. मग एकमेकांकडं पाहिलं. मग कुणालाच कुणाकडं बघवेना.

शेवंतानं घाबरून खुंटा फिरवला. पाठ केलेली ओवी कुठल्या कुठं पळाली, आणि तोंडातून निघालं तेच निघालं, तांबणी माय तुला.

पीठ उठलं. सगळ्या गावादेखत उठलं. परातीतलं गावाचं पीठ जागचं हललं नाही, पण शेवंताचं पीठ देवळाच्या कळसाएवढं वर चढलं. पाटलीणबाईंचं तोंड उघडं ते उघडंच. वर जाऊन ते पांढरं पीठ पूर्वेकडं निघालं, आणि मध्येच थांबलं. शोधत असल्यासारखं गोल फिरायला लागलं.

"अगं माय," आत्या वर बघून म्हणाली, "मी इथं आहे."

तशी ती रेघ वळली. हळूहळू खाली आली, आणि सगळंच्या सगळं पीठ आत्याच्या पदरात पडलं. एक कण बाहेर सांडला नाही.

मग पाटलीणबाईंनी विचारलं, "ही कोण? कुणाच्या घरची?"

माळावरचे सगळे खाली बघत होते. खोटं बोलणं सोपं होतं बरं का. आमची आजी, आजारी होती, मागं राहिली, असं म्हटलं असतं तर संपलं असतं. पण हौसा पुढं झाली.

"आमची. सातही घरची. वार लावून जेवते. आणि निघताना आम्ही तिला विसरून आलो, पाटलीणबाई. हिला तिथं वाळूत टाकून आम्ही इथं गाव मागत होतो. आमचं पीठ आमच्याकडं राहत नव्हतं ते म्हणून. आता घालवायचं तर घालवा."

सासूनं हौसाचा हात घट्ट धरला.

पाटलीणबाई उठल्या. त्या कुणापुढं वाकल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. त्या आत्यापुढं गुडघ्यांवर बसल्या. तिच्या पदरातून सात वेळा मूठ भरली आणि सात मुठी परातीत टाकल्या. मग तशाच बसून म्हणाल्या, "आत्या, मला कुठला वार देता?"

आत्या गोंधळली. "वार सातच गं बाई. सात घरांत सगळे गेले. एकही मोकळा नाही."

हौसानं सासूकडं पाहिलं. सासूनं मान डोलावली.

"माझा बुधवार घ्या," हौसा म्हणाली.

"छे, तुझ्या तोंडातला घास मी कसा घेऊ?" पाटलीणबाई म्हणाल्या. "सकाळी तुझ्याकडं जेवू दे. संध्याकाळी माझ्याकडं."

मग काय विचारता! डोंगरपेठेच्या बायका उठल्याच. एक म्हणाली मला सोमवारची संध्याकाळ, दुसरी म्हणाली मला शुक्रवारची, तिसरी तर नुसतं ताक प्यायला ये म्हणायला लागली. ज्या बायका कालपर्यंत वाकड्या नजरेनं बघत होत्या, त्याच आता माळावरच्या बायकांशी वारावरून भांडत होत्या. आत्या ओरडली, "अगं, पोट एकच आहे माझं!" आणि हौसाच्या सासूला, बोळक्या तोंडानं, कितीतरी दिवसांनी हसू फुटलं.

रोट भाजला. गाडीच्या चाकाएवढा झाला. सगळ्यांनी मोडून खाल्ला, आणि खाताना कुणाला विचारलं असतं की यात तुझं पीठ कुठलं आणि त्यांचं कुठलं, तर सांगता आलं नसतं. फक्त ठकूआत्या सांगू शकली असती. पण ती आपली रोट खात बसली.

मग ते सगळे तिथंच राहिले. माळावर घरं झाली, घरांत जाती झाली. पहिली ओवी ते तांबणीचीच म्हणत राहिले, आणि पीठ जात्याखालीच पडत राहिलं, कारण तिकडं आता कुणी उपाशी नव्हतं. आत्या पुष्कळ जगली. माळावरची पोरं आणि डोंगरपेठेची पोरं तिच्याच हातांत पहिल्यांदा रडली, आणि ती जन्मभर कधी स्वतःच्या घरी जेवली नाही.

झाली गोष्ट. त्यांना मिळालं ते गाव तुम्हालाही मिळो. बाब्या झोपला वाटतं? गुणे, तूही मिट डोळे. आणि ती चादर एकटीच ओढून घेऊ नकोस, त्यालाही दे थोडी.